सातवा कोनाडा

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! निपाणीहून टमटमनं घाटाच्या पायथ्याला उतरले, तर बॅग घ्यायला मालक स्वतः हजर. सौरव नाव, वय माझ्याएवढंच, पायात पांढरेशुभ्र बूट, बोलणं गुळाच्या ढेपेसारखं. मी जात्याच संशयी. आई म्हणते, पारूला पोलिसात घालायला पाहिजे होतं. त्यामुळं एवढं गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी डोळे बारीक करून बघते आणि मग हसते. आज मात्र लवकर हसले. महिनाभर वरची हवेशीर खोली, खिडकीतून ऊस आणि तंबाखूची रानं, आणि काम माझ्या आवडीचं. रुसायला कारणच न्हाई.

काम असं. जुन्या रस्त्यावरच्या या दगडी इमारतीला सगळी पंचक्रोशी ‘गोऱ्याचा गुत्ता’ म्हणते. बेळगावच्या कॅम्पातले गोरे शिपाई कोल्हापूरला जाता-येता इथं घोडी थांबवायचे आणि घसा ओला करायचे, असं म्हणतात. डिक्सन नावाचा कुणी निवृत्त साहेब तो चालवायचा. पुढं सौरवच्या आजोबांनी इमारत घेतली, वडिलांनी तंबाखूचं गोदाम केलं, आणि आता हा पठ्ठ्या तिथं पुन्हा पब काढतोय. पाडव्याला उद्घाटन. भिंतीवर लावायला आणि एका पुस्तिकेसाठी इतिहास पाहिजे, तो मी लिहायचा. खाली माझं नाव. कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून दर वर्षी नव्या ऑर्डरची वाट बघत बसण्यापेक्षा हे हजार पटीनं बरं.

माझी निवड झाली ती मोडी वाचता येते म्हणून. मुलाखतीत सौरवनं पहिलाच प्रश्न विचारला, चष्मा आहे का. न्हाई म्हटल्यावर केवढा खूश झाला! मोडीला डोळे चांगले लागतात एवढं त्याला कळतं, म्हणजे माणूस जाणता आहे.

आत्ताच आईचा फोन झाला. चाळीस वर्षं विड्या वळून वळून आमच्या तानीबाईंच्या, म्हणजे आईच्या, डोळ्यांचं पार वाटोळं झालं होतं. जानेवारीत दोन्ही मोतीबिंदू काढले, आणि तेव्हापासून बाई निपाणीतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत हिंडते. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं तिला आता कुठं धड दिसायला लागलीत. पुस्तिका आली की मीच पहिली वाचणार, तू वाचून दाखवायची न्हाईस, असं तिनं मला दरडावलंय.

राखणीला राजाबाई म्हणून साठीची बाई आहे. शेजारच्या दोन खोल्यांत एकटीच राहते. मी तिला आक्का म्हणते, ती मला पोरी म्हणते. चहा असा करते की गड्यानं पेल्यासकट गिळावा.

५ मार्च, बुधवार

इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

पुढचा भाग सरळ आहे. दिवाणखान्याएवढी खोली, शिसवी काउंटर, मागं बाटल्यांच्या फळ्या, टोप्या अडकवायच्या खुंट्या. पब म्हणा, गुत्ता म्हणा, दारूचं ठिकाण होतं यात शंका न्हाई. तळघरात सौरवनं तांब्याची नवी भट्टी बसवलीय. परवाना काढून इथंच गुळाची दारू गाळणार म्हणे, डिक्सन साहेबाच्या पद्धतीनं.

आज मी इमारतीला मागून वळसा घातला. मागच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर सात कोनाडे आहेत. प्रत्येक कोनाड्यावर भिंतीतून बाहेर आलेली दगडी पन्हळ, बोटभर भोकाची. आत जाऊन काउंटरमागं वाकून बघितलं, तर तिथं तीच सात भोकं. आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच आहे. म्हणजे आत उभं राहून भोकात ओतायचं, बाहेरच्यानं खाली भांडं धरायचं. शिवाशिव न्हाई, तोंड बघायला नको.

मला कुणी समजावून सांगायला लागलं न्हाई. माझ्या आज्याला निपाणीच्या हॉटेलात असाच वरून ओतून चहा मिळायचा, तोही बाहेर उकिडवं बसवून. अंगाचा नुसता जाळ झाला. सौरवला फोन केला तर म्हणाला, ते दिव्याचे कोनाडे असतील मॅडम. आक्काला विचारलं तर म्हणाली, पारव्यांसाठी केलेत. दोघांचं दोन तऱ्हेचं खोटं! ठरवून तरी बोलायचं.

सहा कोनाडे रिकामे आहेत, तळाशी करवंट्यांच्या बारीक ठिकऱ्या तेवढ्या पडल्यात. सातव्यात एक अख्खी करवंटी पालथी ठेवलेली. वापरून वापरून काळीभोर, काठ ओठ लागून गुळगुळीत झालेला. उचलायला हात घातला तर आक्का लांबूनच ओरडली, ऱ्हाऊ दे तितं! विचारलं का, तर म्हणाली, माझी सासू बी तिच्या भवतीनं झाडायची, मी बी तसंच झाडते.

हे पुस्तिकेत जाणार. सौरवला गोड लागो न लागो.

९ मार्च, रविवार

आज मी एक गोष्ट केली आणि मला तिचा लई अभिमान वाटतोय.

चार दिवस ती करवंटी डोक्यातून जाईना. कोण होता तो माणूस? नाव न्हाई, गाव न्हाई, नुसता काठावर ओठांचा घट्टा. आमच्यात पाणी पिणं म्हणजे नुसतं पाणी पिणं नसतं, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून सकाळी आंघोळ करून, पांढरी साडी नेसून मागं गेले. करवंटी उचलली, नळावर चिंचेनं लख्ख घासली, आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं ताठ मानेनं आत आले. शिसवी काउंटरवर ती ठेवली, माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि प्याले. उभ्यानं, काउंटरला कोपर टेकवून, साहेब पीत असेल तसं. तुझ्या वाटचं हे घे बाबा, असं मोठ्यानं म्हटलं सुद्धा. डोळ्यांत पाणी आलं.

पितानाचा सेल्फी काढला होता, पण भाऊ नसलेल्या पोरीनं असला फोटो कुणाला पाठवायचा? सौरवलाच पाठवला, मुद्दाम, जळू दे म्हणून. तर त्याचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. बरं.

करवंटी परत सातव्या कोनाड्यात ठेवली, वाळावी म्हणून उताणी. मागं वळले तर आक्का मागच्या चिंचेच्या झाडाखाली उभी. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलेलं. मी हसून विचारलं काय झालं, तर पदर तोंडाशी धरून निघून गेली. संध्याकाळचा चहा जिन्याखालीच ठेवून गेली, वर आली न्हाई.

११ मार्च, मंगळवार

दुपारी बाराला मागं गेले. करवंटी काठोकाठ भरलेली. पाण्यासारखं स्वच्छ, पण गुळाचा आणि काहीतरी कडवट असा वास. तळघरातल्या भट्टीचं पहिलं गाळप कालच काढलंय, पुढं फळ्या ठोकणाऱ्या सुताराकडून कळलं. म्हणजे कुणीतरी थट्टा करतंय. करणाऱ्याची जीभ झडो.

ओतून टाकली. करवंटी धुऊन पुन्हा ठेवली. दिवेलागणीला जिना उतरत होते, तर तोंडात एकदम तीच चव. गूळ, आणि मागून जिभेला चरचरणारं कडू. मी दिवसभरात भाकरी, मेथी आणि आक्काचा चहा याशिवाय काही घेतलेलं न्हाई.

चहा.

सौरवचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, डोळे बरे आहेत ना, जुने कागद वाचून ताण येत असेल. मी म्हटलं, तुम्हाला माझ्या डोळ्यांची भारी काळजी. तो हसला.

१३ मार्च, गुरुवार

दोन दिवस आक्काचा चहा खिडकीतून खाली ओतते आणि निपाणीहून आणलेल्या बाटल्यांतलंच पाणी पिते. तिला कळलंय. तरी रोज चहा ठेवतेच. हिला जर काही घालायचं असेल तर हिच्यासारखी निर्ढावलेली बाई मी बघितली न्हाई.

आज सापळा लावला. मागच्या जमिनीवर भिंतीपासून दोन वाव रांगोळी चाळून पसरली. आतून सातव्या भोकाचं तोंड बघितलं, तर त्यावर कोळ्याचं जाळं, धुळीनं जड झालेलं. ते तसंच ठेवलं. मग सकाळी दहापासून चिंचेखाली खुर्ची टाकून बसले.

बाराला पन्हळीतून बारीक धार आली.

मी बसलेली होते, डोळे उघडे होते, दिवसाउजेडी बघत होते. कुणी आलं न्हाई. करवंटी भरली आणि धार थांबली. रांगोळीवर चिमणीचा पाय सुद्धा उमटलेला न्हाई. धावत आत गेले. भोकावरचं जाळं जसंच्या तसं, कोरडं. बाहेरची पन्हळ ओली.

सुतार म्हणाला, भिंतीत ओल असेल बाई. गुळाची ओल?

ओतून टाकली. दिवे लागले तशी तोंडात चव आलीच. चहा न पिता आली.

१५ मार्च, शनिवार

आज मोडीचा एक कागद वाचायला घेतला आणि ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. कडेनं पांढरं दिसतं. दूध सांडून पसरावं तसं पांढरं, आणि ते आत आत सरकतंय. निपाणीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. आईचं ऑपरेशन केलेलेच डॉक्टर. बराच वेळ तपासलं, मग दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, दारू घेतेस का? गावठी? हलक्या दारूनं असं होतं, नस पांढरी पडते.

मी अशी तडकले! सात पिढ्यांत मी पहिली एम.ए., आणि मला हे विचारायचं? मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, बेळगावला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले, उशीर करू नको.

घर तिथून चार गल्ल्यांवर, पण आईकडं गेले न्हाई. तिला काय सांगू? तिचे डोळे आत्ता कुठं आलेत आणि मी माझे घालवून बसले? फोनवर थोडा ताण आहे एवढंच सांगितलं. तीही संशयीच, माझी आई आहे ती. खोदून खोदून विचारत होती. मी ताकास तूर लागू दिली न्हाई.

डोळे गेले तर मोडी गेली. मोडी गेली तर माझ्यापाशी दुसरं काही न्हाई.

१८ मार्च, मंगळवार

पलीकडच्या भीमनगरात यल्लाप्पा म्हणून नव्वदीचा म्हातारा आहे असं कळलं. त्याचा बाप या गुत्त्याच्या मागं बसायचा. गेले. अंगणात घोंगड्यावर बसलेला. मी आजा म्हटलं, कुणाची काय सांगितलं, तर हात धरून जवळ बसवलं. गुत्त्याचं नाव काढल्यावर म्हणाला, आमी त्या चिंचंच्या पल्याड जात न्हाय. मी पाय धरले तेव्हा बोलायला लागला.

त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

सगळे म्हणतात पहिल्या धारेची चांगली. पण डिक्सन साहेबाच्या भट्टीची पहिली धार कधी कधी विखारी निघायची. माणूस आंधळा व्हायचा, कधी मरायचा. म्हणून पहिली धार पुढं द्यायची न्हाई, मागच्या भिंतीला सोडायची. तिथं आमची सात माणसं बसवलेली, प्रत्येकाचा कोनाडा ठरलेला, करवंटी ठरलेली. त्यांनी प्यायची. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मागं यायचा आणि एकेकाला विचारायचा, दिसतंय का? सातही जण दिसतंय म्हणाले की पुढचं दार उघडायचं.

दिसतंय का! मला सौरवचे फोन आठवले.

करवंटीची रीत अशी होती. माणूस आला की आपल्या हातानं ती उताणी करायचा, ते म्हणजे घाल म्हणून सांगणं. जाताना पालथी घालायचा, म्हणजे आज नको. माणूस मेला की घरच्यांनी तिथंच करवंटी फोडायची, म्हणजे त्याची जागा सुटली. एका उन्हाळ्यात एकाच दिवशी सगळे गेले. सहा घरांनी सहा फोडल्या. सातवा बिनलग्नाचा, मागं कुणी न्हाई, आंधळा होऊन घाटात शिरला तो मिळालाच न्हाई. त्याची फोडायला कुणी आलं न्हाई. जागा तशीच राहिली. साहेबाचा गुत्ता त्याच्यानंतर कधी चालला न्हाई, आणि पुढं कुणाचं काहीच तिथं चाललं न्हाई.

मग माझ्याकडं वळून यल्लाप्पानं विचारलं, पोरी, तू त्येला तोंड न्हाईस न्हवं लावलं?

मी न्हाई म्हटलं.

का म्हटलं? लाज वाटली. एवढी शिकलेली मी, आणि पांढरी साडी नेसून ताठ मानेनं स्वतःच जाऊन बसले त्या जागेवर. म्हातारा म्हणाला, मग बरं. तोंड लावणाऱ्याची ती जागा हुती.

२१ मार्च, शुक्रवार

बॅग भरून पळाले. बेळगावला, वडगावात माझ्या भाड्याच्या खोलीवर. मोठ्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या. रक्तात दारू निघाली. डॉक्टरीणबाई माझ्याशी पोराशी बोलावं तसं बोलल्या.

दोन्ही दिवस दिवेलागणीला, शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू असताना, तोंडात गूळ आणि कडू. पन्नास मैलांवर सुद्धा. इथं बसून सुटका न्हाई. ती करवंटी तिथं उताणी आहे, मीच उताणी ठेवलीय.

समोरच्या दुकानाची पाटी आता वाचता येत न्हाई.

२३ मार्च, रविवार

पुन्हा इथं. आधी यल्लाप्पाकडं गेले आणि खरं सांगितलं. म्हातारा ढसाढसा रडला. आधी का सांगितलं न्हाईस गं, म्हणाला. मग डोळे पुसून बोलला.

फोडायची न्हाई. जित्या माणसाची करवंटी फोडली की माणूस फुटतो. रोज सकाळी उचलून पुन्हा आपल्या हातानं पालथी घालायची, म्हणजे तेवढा एकच दिवस टळतो, बाकी काही न्हाई. गेलेली नजर येत न्हाई, आत गेलेला विखार चढतच राहतो. आणि जागा कशी सुटते विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या कुणी आपणहून ती उताणी करून तोंड लावलं तर. मग त्याची जागा, तुझा अंधार त्याला, आणि तुझं तुला परत.

म्हणजे दुसऱ्याला बळी द्यायचा. मी तसलं काही करणार न्हाई, असं आज्याला म्हटलं. तो म्हणाला, आज म्हणशील, पोरी.

२५ मार्च, मंगळवार

पालथी घातली. चव आली न्हाई. हाताला भिंत धरून वर आले.

आक्का वर आली आज, पहिल्यांदा. माझ्यासमोर चहाचा घोट स्वतः पिऊन दाखवला आणि मग कप माझ्या हातात दिला. मी रडले. तिच्यावर मी उगाच शक घेतला. ती म्हणाली, मला सांगायची बंदी हुती पोरी, घर त्येंचं हाय, मी कुठं जाऊ. मग सौरवच्या घरची एक पेटी आणून ठेवली. बघ म्हणाली.

भिंग लावून एकेक अक्षर, चार तास. मोडी पत्र. सौरवच्या आजोबांचं, आपल्या मुलाला. सातव्याची जागा भरल्याशिवाय त्या घरात धंदा चालायचा नाही. आपण कुणाला बसवायचं नाही, हातही लावायचा नाही. त्यांच्यातलंच माणूस आपणहून घेईल, अशी वाट पाहावी.

पत्राच्या मागं बॉलपेननं हेच सगळं बाळबोध, म्हणजे साध्या देवनागरी अक्षरांत उतरवलेलं. शाई ताजी. अक्षर सौरवचं, माझ्या नेमणुकीच्या चिठ्ठीवर होतं तेच. पत्र त्यानं कधीच वाचून घेतलं होतं. मग मोडी वाचणारी कशाला पाहिजे होती? मोडी वाचणारी नकोच होती. मीच पाहिजे होते.

२७ मार्च, गुरुवार

सौरव आला. म्हटलं, पुस्तिकेसाठी तुमचा फोटो घेऊ, करवंटी हातात धरून, एक घोट घेताना. माझाच आवाज मला ओळखू येईना. आज म्हणशील म्हणाला होता आजा. खरं निघालं.

सौरवनं हात खिशात घातले असणार, किल्ल्या वाजल्या. म्हणाला, नको मॅडम, ते तुमचं आहे. आणि मग, हळूच — सकाळी उठल्यावर दिसतंय ना?

मी न्हाई म्हणाले. दिसत न्हाई म्हणाले, तुझी दारू विखारी आहे, पाडवा करू नको!

तर तो म्हणाला, थोडं तरी दिसत असेल. पहिली धार आहे ती. पुढची आम्ही नीट काढू.

२८ मार्च, शुक्रवार

पालथी घातली. चाचपडत. सहा मोजून सातवा.

उजेड आणि सावली, एवढंच आता. पट्टी ठेवून लिहितेय, ओळ कुठं जाते ठाऊक न्हाई. आईला सांगायला पाहिजे. उद्या सांगते. उद्या नक्की — तिचा फोन तीनदा वाजला, घेतला न्हाई —

२९ मार्च, शनिवार

आई आलीय.

न सांगता आली. उद्या उद्घाटन, लेकीचं नाव भिंतीवर बघायचंय म्हणून. आपण पाडवा करत न्हाई तरी शिरा करून आणलाय डब्यात. फाट्यावरून भर उन्हात चालत आली. मी खाली पायरीवर बसलेय, गॉगल लावून. डोळे आलेत म्हटलं, जवळ येऊ नको. खोटं, पुन्हा. पाय धुऊन ये मागं नळावर, मग सांगते सगळं, असं म्हटलं. आता सांगणार. सगळं सांगणार. नीट शब्द जुळवायला वही घेतलीय हातात, बाकी काही न्हाई.

आई जाताना भिंतीवरची पाटी वाचत गेली. मोठ्यानं. गो — ऱ्या — चा.

मागून हाक मारतेय, पारू, घसा सुकला गं, तांब्या कुठं हाय. वर आहे म्हणून ओरडले. तर म्हणते, ऱ्हाऊ दे, जिना कोण चढतंय, हितं हाय की —

नळाचा आवाज थांबला.

आमच्या ल्हानपणी आमी असंच प्यायचो, म्हणते —

अगं हे काय! ओळ दिसतेय. वहीची निळी ओळ दिसतेय! माझं अक्षर, केवढं वेडंवाकडं, सगळं दिसतंय, चिंचेचं पान न् पान, उसाचा तुरा, गॉगल काढला, ऊन, आई बघ मला दिसायला

आई

न्हाई न्हाई न्हाई आई थुंक ते

कोपऱ्यावर उभीय. हातात करवंटी. ओठ पुसतेय पदरानं. भिंतीला हात लावून लावून येतेय. बाराच वाजलेत, टळटळीत ऊन आहे, आणि ती विचारतेय, दिवस मावळला व्हय गं पारू, दिवा का न्हाईस